अंगठ्यामागच्या हाडाचा ठराव

माणसाच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यातल्या प्रत्येक हाडाबद्दल त्याच्या नातेवाइकांना मत असतं. यातली पहिली गोष्ट शास्त्राला शोधून काढावी लागली. दुसरी आमच्या जयसिंगपुरात पाळण्यातच कळते.

माझा मावसभाऊ गुरुसिद्ध कापडाचा व्यापारी, शुगर जुनी. उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम दोन महिने भरेना, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक अत्याधुनिक तपासणी केली. तिच्यात रुग्णाचंच रक्त काढून पांढऱ्या पेशींना किंचित किरणोत्सारी औषध लावतात आणि त्या परत शिरेत सोडतात. जिथे जंतू असतील तिथे पेशी जमतात (भांडण लागलं की गल्ली जमते तशा). एक यंत्र ही गर्दी टिपतं, दुसरं हाडांचा नकाशा काढतं, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवली की नेमकं हाड सापडतं. दोन यंत्रं एका पलंगाशी काम करतात आणि तरी भांडत नाहीत. आमच्या घराण्यात असं उदाहरण नाही.

अहवाल आला: अंगठ्यामागच्या हाडात जंतुसंसर्ग. हाडाचा खराब भाग ताबडतोब काढावा, सहा आठवडे इंजेक्शनं घ्यावीत.

साहजिकच बैठक बोलावली. उपस्थिती अकरा. (रुग्णाचा हितसंबंध गुंतलेला असल्याने त्याला मताधिकार नव्हता.) अहवालाला मत असावं की नसावं, यावर पाऊण तास गेला. यंत्रं दोन, तर मतं दोन, असं मी सुचवलं. राजशेखरकाका म्हणाले, "पलंग एक, मत एक." ही दुरुस्ती मंजूर झाली.

पाला बांधावा, सहा. श्रावण होऊ द्यावा, चार. डॉक्टरांचं ऐकावं, एक (यंत्र). तटस्थ एक. तो मी, कारण मला दोन्हीकडे जेवायला जावं लागतं.

गुरुसिद्धची बायको नीलम्मा चहाची जबाबदारी असल्याने मतदार यादीत नव्हती. ती कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मतं कसली मोजताय? मानसाला पाय दोनच हायत की. तेवढं मोजा."

म्हणणं नोंदवून घेण्यात आलं.

निघताना गुरुसिद्धने माझा हात धरला. "ताप येतोय रं. डॉक्टरला फोन लाव की."

मी म्हणालो, ठराव झालाय. याची मला लाज वाटते, पण इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नाही.

तीन आठवड्यांनी तो तापाने बरळायला लागला, तेव्हा नीलम्माने कुणालाही न विचारता गाडी बोलावली. दुसऱ्या तपासणीत गर्दी तीन हाडांत पसरलेली दिसली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली, पाय तेवढा राहिला. पुढच्या बैठकीत तिन्ही बोटांबद्दल दुखवट्याचा ठराव बिनविरोध मंजूर झाला.

वाचकहो, एव्हाना तुमचंही मत झालंच असेल, की डॉक्टरांचं वेळेवर ऐकायला हवं होतं. अगदी बरोबर. परक्याच्या पायाबद्दल आम्हा अकराही जणांचं हेच मत आहे.