सुनूची मिडी

मांडीवर नात, हातात वरणभाताची वाटी आणि फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवलेला, अशा अवस्थेत विमलबाईंनी मुलाचं, अमरचं, बोलणं ऐकलं.

"आई, कुरिअरवाला येऊन राह्यला. मिडी मागवली म्या. घेऊन ठेव, पन डबा फोडू नको."

"काय मागवली?"

"मिडी. नाजूक वस्तू हाय. आन प्रियाले सांगू नको, मी सांगतो टाइम पाहून."

आदिलाबादच्या त्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू. तिथे मिडी म्हणजे लहान मुलींचा घेरदार स्कर्ट आणि वर झालरीचं टॉप. दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. रविवारी सुनूचा पहिला वाढदिवस होता. ज्या मुलाने आजवर स्वतःचा बनियनही स्वतः आणला नव्हता, त्याने लेकीसाठी कपडा मागवला, हे ऐकून विमलबाईंचा घासच नातीच्या तोंडाऐवजी कानाकडे गेला.

अमरचं बी-बियाण्याचं दुकान होतं, पण जीव गिटारमध्ये. लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डब्यात होतं ते ओव्हरड्राइव्ह पेडल. गिटारच्या वायरीत मध्ये लावायचं आणि पायाने दाबायचं, की तिचा सोज्वळ आवाज रगेल होतो. या पेडलला मिडीची सोय होती; वाकून बटणं फिरवत बसायला नको, दुसऱ्या यंत्रातून वायरीने हुकूम गेला की ते आपला आवाज आपणच बदलणार. ऑर्केस्ट्रातली पोरं लाडाने त्यालाच मिडी म्हणत. पसंत नाही पडलं तर आठवड्याच्या आत परत पाठवता येत होतं. अडचण एवढीच, की सुनू वर्षाची होईपर्यंत नवीन पेडल आणणार नाही, असा शब्द त्याने बायकोला दिला होता.

विमलबाईंनी सुनेला, प्रियदर्शनीला, लगेच सांगितलं नाही. आधी मंचेरियलला लेकीला, रंजीताला फोन केला. "फ्राक घेऊ नको वो. अमरनं मिडी मागवली." रंजीताने घेतलेला फ्रॉक दुकानात परत करून तीनचाकी घेतली. मग उटनूरला विहीणबाईंना, देवकाबाईंना फोन झाला. त्यांनी कपड्याऐवजी वाळे केले. एवढं झाल्यावर सुनेला न सांगणं विमलबाईंना अन्यायाचं वाटू लागलं.

प्रियदर्शनी ऐकून दिवसभर एकटीच हसत होती. ती बी.एस्सी. झालेली, आणि झोपलेल्या सुनूच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी. तिला एकच घोर लागला. मागे एका लग्नात जाळीचा फ्रॉक घातला होता, तर पोरीच्या मानेवर ही एवढी पुरळ उठली होती.

संध्याकाळी अमर जेवायला बसला. ती लंगोट्यांच्या घड्या घालत म्हणाली, "मिडी आली म्हने?"

अमरचा घास हातातच राहिला. "आईनं सांगितलं?"

"सांगितलं. मायापासून काऊन लपवून राह्यले होते?"

"तू रागावशीन, असं वाटलं."

"मी कायले रागावू?" ती जवळ सरकून बसली. "सांगा ना, कशी हाय?"

अमरने तिच्याकडे नीट पाहिलं. लग्नानंतर आजवर तिने एकाही पेडलची चौकशी केली नव्हती. "आज गोदामात लावून पाह्यली," तो जपून म्हणाला. "खालचा भाग भरदार हाय. घट्ट, पन आवळल्यासारखा नाई."

"आन घेर?"

घेर. आवाजाला हा शब्द त्याला कधी सुचला नव्हता, आणि किती बरोबर होता. "घेर मोठा हाय, प्रिया. सारी खोली भरून जाते."

"वरून टोचत तं नाई?"

अमरने ताट बाजूला सारलं. "तेच तं. वरून जराशी टोचते. खरखर करते. तुले कसं समजलं?"

"मले नाई समजन तं कोनाले समजन? आतून एखांदं मऊ लावलं तं?"

"मी बी तेच ठरवलं. आधी एक मऊ लावाचं, मंग हे."

"आन बदलाले?"

"एक बटन. दाबलं का बदलली."

"हे बरं झालं. तिले दिवसातून कितीक डाव बदला लागते."

तिले म्हणजे मिडीला, असं अमर समजला. सुनू झाल्यापासून त्या दोघांचं बोलणं ताप, दात आणि शी यांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते ताट सुकेपर्यंत बोलत बसले. नवऱ्याला कापडातलं इतकं कळतं हे प्रियदर्शनीला नवीन होतं. बायकोला टोनमधलं इतकं कळतं हे अमरला.

रविवारी दुपारपासून घर भरलं. सुनूला न्हाऊ घातलं, पावडर लावली, आणि नुसत्या चड्डीवर पाटावर बसवलं. पायात वाळे वाजत होते. निरांजन तयार झालं. पहिल्या वाढदिवसाला कोऱ्या कापडाशिवाय ओवाळायचं नाही, हा विमलबाईंचा नियम.

"दादा, मिडी आन ना आता," रंजीता म्हणाली. "किती वाट पाहाले लावतं?"

"इथंच? सगळ्याईसमोर?"

"मंग कुठं? आमी तिच्यासाठीच तं बसून राह्यलो," देवकाबाई म्हणाल्या.

अमरला भरून आलं. सासूसुद्धा थांबल्या होत्या. तो आत गेला आणि दोन्ही हातांवर ती हिरवी लोखंडी डबी घेऊन आला. पाटाजवळ अलगद ठेवली. लाल दिवा लागेल अशी वायरही जोडली.

सगळे डबीकडे बघत राहिले.

"हे काय इस्तरी व्हय?" विमलबाईंनी विचारलं.

"मिडी हाय, आई."

"आन पोरीनं घालावं काय?"

या प्रश्नावर प्रियदर्शनीने ती सगळी संध्याकाळ मनात पहिल्यापासून पुन्हा ऐकली. "खालचा भाग भरदार," ती हळू म्हणाली. "म्हंजे तो आवाज होता?"

"हो."

"आन घेर?"

"घेर तं तूच म्हनली."

रंजीता पदराआड हसू लागली, मग वहिनीचा चेहरा बघून थांबली. प्रियदर्शनी शब्द मोडल्याबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मले वाटलं, तुमी पोरीचं ध्यान ठेवलं." आणि सुनूला उचलून कडेवर घेतलं. अमरने डबीचा लाल दिवा बंद केला.

"बजारात जाऊन आनतो," तो म्हणाला.

"रविवारी कोनतं दुकान उघडं हाय तुह्यासाठी?" विमलबाई म्हणाल्या.

देवकाबाईंनी पिशवीतून लेकीच्या ओटीसाठी आणलेला हिरवा खण काढला. "मशीन कुठं हाय? एवढ्यात परकर होते. पन माह्यानं पाय मारनं होत नाई, गुडघा धरला."

"पाय मी मारतो," अमर म्हणाला.

सासूने कापड धरलं आणि जावई शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून बसला. पहिल्याच झटक्यात सुई खणाच्या काठावरून धावत सुटली.

"जवाईबापू, हळू. वरात नाई चालली."

"हे बी पेडलच हाय, माय. जरा मऊ दाबा लागते," रंजीताने भावाच्या आवाजात नक्कल केली. अमरने ऐकून घेतलं. कपाळाचा घाम पुसत तो सासूच्या तालाला ताल लावू लागला. परकर तयार झाला, वर खणाच्याच उरलेल्या तुकड्याचं पोलकं. देवकाबाई दोरा तोडणार तोच अमरने पोलकं घेतलं, उलटं केलं, आणि मानेकडची शिवण आपल्याच गालावर घासून पाहिली.

"इथं टोचते."

"कुठं टोचते? आनंदानं घालीन ते लेकरू."

"नाई, माय. मानेले लागन. उसवा."

देवकाबाईंनी बडबडत शिवण उसवली, काठ आत दुमडून पुन्हा घातली. अमरने पुन्हा गाल लावला, मग दुसरा गाल लावला, तेव्हा कुठे हो म्हणाला. दारात उभी प्रियदर्शनी हे बघत होती. तिने काही न बोलता पोलकं घेतलं आणि सुनूला चढवलं.

ओवाळणं झालं. सुनूने निरांजनाला हात घातला, परकराचा काठ चोखला, आणि मानेवर काही उठलं नाही. पंगत बसली तेव्हा अमर मागच्या खोलीत डबी खोक्यात भरत होता.

"काय करून राह्यले?" प्रियदर्शनीने विचारलं.

"परत पाठवतो."

"एक डाव ऐकवा तं मले."

"आता?"

"हळू लावा. पोरगी माह्या मायपाशी हाय."

त्याने वायर जोडली, आवाज अगदी कमी ठेवला आणि एक सूर छेडला. प्रियदर्शनी डोळे मिटून ऐकत होती. सुनूचा श्वास ऐकताना ती मान जशी कलती करायची, तशीच. अमरने दुसरा सूर छेडला, तिसरा छेडला. निकालाची इतकी धाकधूक त्याला बारावीलाही झाली नव्हती.

तिने डोळे उघडले. "खालचं चांगलं हाय. पन वरून टोचते, हो. परत करा."

अमरने गिटार खाली ठेवली. "मले बी तेच वाटून राह्यलं होतं. मन मानत नोतं."

"मऊ कोनती येते?"

त्याने फोन काढला. पंगतीतून वाढायला हाका येत होत्या आणि दोघं एकाच फोनवर डोकी टेकवून बसले होते. तिने एक नापसंत केली, दुसरी पुन्हा ऐकवायला लावली. शेवटी हातात पोळ्यांची परडी घेऊन विमलबाईच आत आल्या.

"काय पाहून राह्यले दोघं?"

"मिडी, आई," सून म्हणाली.

विमलबाईंनी परडी तिच्या हातात दिली. "मागवा. पन या खेपेले डबा मी फोडीन."