रज्जाकचाचांचा लाईट चेक

लग्नात नवरा-नवरीला सोडून मांडवाच्या मागच्या खांबाशी एकट्याच उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढणारा फोटोग्राफर तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहत होते. आमच्या हिवरखेडचे रज्जाकचाचा. अक्षता पडायची वेळ झालेली, नवरीचा मामा घसा ताणून ओरडतोय, "चाचा, इकडं या ना बापा!" आणि चाचा मात्र तिकडे हातात पत्रावळींचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या वामनरावांना सांगतायत, "टोपी नीट कर. इकडं पाह्य. हासू नको. हां, झालं. जाय."

"पन माहा फोटो कायले, चाचा?"

"लाईट चेक करून राहिलो."

असा लाईट चेक प्रत्येक लग्नात पन्नास-साठ वेळा व्हायचा. त्याबद्दल ते कुणाला काही सांगायचे नाहीत, अल्बममध्ये ते फोटो कधी लागायचे नाहीत. लोक म्हणत, म्हातारा चळला. मीही म्हणायची.

मी म्हणजे त्यांच्या भिंतीला भिंत लावून कॉम्प्युटर क्लास चालवणारी मॅडम. माझ्या भिंतीवर तीन सर्टिफिकेटं होती आणि गावात कॉम्प्युटरमधलं मला सगळ्यात जास्त कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. चाचा दोन बोटांनी टाईप करत. पण फोटो दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घटस्फोट झालेला जावई फोटोतून असा उडवत, की त्याच्या मागची कनातही जागच्या जागी यायची. एकदा वरातीत शिरलेली बकरी काढून तिथे फोटोत राहून गेलेल्या आजीबाई उभ्या केल्या होत्या. आजीबाई खूश झाल्या.

त्यांच्या पुतण्याने अकोल्याहून फोटो लावून ठेवायचं एक सॉफ्टवेअर आणून दिलं होतं. त्यात फोटोतल्या चेहऱ्यावर क्लिक केलं की त्या माणसाचं नाव लिहिता येई, आणि नाव टाईप केलं की तो माणूस समोर हजर. चाचांना कॅमेऱ्यापेक्षा हे वेड जास्त लागलं. फोल्डरांची नावं तर बघण्यासारखी असत: 'गजाननच्या पोरीचं लग्न जेवणात वरण कमी पडलं तेव्हाचं'. कॉम्प्युटर कुरकुरायचा की नाव फार मोठं आहे. चाचा म्हणायचे, "त्याले काय मायती, लग्न केवढं मोठं होतं ते."

कार्डातून कॉम्प्युटरमध्ये फोटो हलवायचे तेही दहा-दहा करून. मी म्हटलं, चाचा, एकदम सगळे ओढा की. तर म्हणाले, "एस.टी.त शंभर मानसं कोंबली तं दारातला पडते." हिरवी पट्टी पुढे सरकत असेपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. कुणी गिऱ्हाईक आलं तर बोटाने थांब म्हणून खुणावायचे.

आणि एक नियम होता. "फोटो हालवाचा तं सॉफ्टवेअरच्या आतून हालवा. बाहेरून हात नाई लावाचा. त्याले त्याचं घर सापडत नाई मंग."

पुढे त्यांचा जुना कॉम्प्युटर कटकट आवाज करायला लागला. नवा आणला. दोन दिवसांच्या लग्नाला अकोटला जाताना चाचा किल्ली माझ्याकडे देऊन गेले. "नवं मशीन जोडून ठेवजा फक्त. फोटो मी आल्यावर हालवू."

आता तीन सर्टिफिकेटंवाली बाई नुसतं मशीन जोडून गप्प बसेल? मी दुपारी बसले आणि सगळा पसारा आवरला. लांबलचक नावं काढून फोटोंना ओळीने नंबर दिले. सॉफ्टवेअर त्याच्या यादीसकट नव्या मशीनवर टाकलं आणि फोटो सगळे बाहेरूनच ओढले, एकदम. जुनी डिस्क पुसून लख्ख केली. 'लाईट चेक' नावाच्या फोल्डरमध्ये चारेक हजार फोटो होते, एकेकटी, ओशाळी माणसं. ते सगळे एका नव्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्याला नाव दिलं, 'नको असलेले'. चाचांना विचारून उडवू म्हटलं.

चाचा परत आले, सॉफ्टवेअर उघडलं. डाव्या बाजूला नावांची यादी होती तशीच. उजवीकडे मात्र करडे रिकामे चौकोन आणि प्रत्येकावर एक प्रश्नचिन्ह.

"मॅडम, बाहेरून हालवले?"

"चाचा, एकही फोटो गेलेला नाही. सगळे आहेत."

"फोटो हायेत," ते म्हणाले. "कोन कोन हाय ते गेलं."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वामनरावांची बायको दिराला घेऊन स्टुडिओत आली. वामनरावांना जाऊन पाच दिवस झाले होते. ते वर्षच तसं होतं, कपाशी उभी वाळत होती, आणि त्याच्या आधीची दोन वर्षंही तशीच. आठवड्याला कुण्या ना कुण्या गावातून कुणी तरी यायचं, लग्नातला एखादा फोटो घेऊन. मागच्या रांगेतलं नखाएवढं डोकं दाखवायचं आणि म्हणायचं, हे मोठं करून द्या. मोठं केलं की नाकाच्या जागी नुसते चौकोन दिसत.

"चाचा, ह्यायचा एक फोटो पाह्यजे," बाई म्हणाली. "तेरवीले ठेवाले. घरात एकई नाई."

चाचांनी दोन बोटांनी टाईप केलं. वामन. यादीत नाव आलं. समोर करडा चौकोन.

मी दारात उभी होते. त्या बाईजवळ नवऱ्याचा चेहरा नव्हता आणि तो घालवणारी मी होते.

चाचांनी माझा तो फोल्डर शोधला. 'नको असलेले' हे नाव त्यांनी बराच वेळ पाहिलं. बाईला स्टूल दिलं, पहिला नंबर उघडला आणि एकेक चेहरा पुढे करत नावं घ्यायला लागले. मी पळत जाऊन वही आणली आणि नंबरापुढे नाव लिहीत गेले.

"हा देवराव. हाय. हा सुखदेव, मागच्या साली गेला. हा हाय. हा हाय. हा गेला, याच्या पोराले मी फ्रेम देली. हा..." इथे थांबले. "हा कालपर्यंत होता."

दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली तरी उठले नाहीत. तिसऱ्या प्रहरी सोळाशे चौदाव्या नंबरवर वामनराव आले. हातात पत्रावळी, नजर सरळ, हसू नाही.

बाई जवळ गेली. "टोपी नीट हाय," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून खाली बसली.

वामनरावांच्या फोटोची फ्रेम केली, ती पोचवायला चाचांबरोबर मीही गेले. मला घरी बसवेना. वामनरावांच्या गावातच चाचांचा वासुदेव नावाचा मित्र होता, शाळेपासूनचा. तोही गेला होता, या सगळ्यांच्या बराच आधी. येताना त्याच्या घरी चहाला थांबलो.

"पोरीच्या लग्नात चाचानं चारशे फोटो काढले," वासुदेवची बायको मला म्हणाली. "हे एकातई नाईत. वाढण्यातच होते दिवसभर. हे गेल्यावर फोटो कुठं? चाचा अन् हे कधी चिखलदऱ्याले गेलते, तिथं कोन्या मानसानं काढलेला दोघायचा एक सापडला."

चाचा चहाच्या कपात बघत होते. लाईट चेक कधी सुरू झाला, ते मला कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

भिंतीवर वासुदेवची फ्रेम होती, हार घातलेली. एकटाच होता. मागे दरी, धुकं, सगळं जागच्या जागी. फक्त त्याच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. मनगट नाही, हात नाही, माणूस नाही. बोटात चांदीची अंगठी, निळ्या फिरोजा खड्याची. तीच अंगठी घातलेली बोटं माझ्यासमोर चहाचा कप धरून होती.

परत येताना गाडीवर मागे बसून मी शेवटी विचारलंच. "चाचा, ती बोटं काढता आली नाहीत?"

चाचांनी आधी गाडीचा वेग कमी केला.

"काढता येत होती, मॅडम. तीन दिवस बसलो होतो. मी पुरा निंघलो त्याच्यातून." गाडी एका खड्ड्यातून सावकाश काढली. "पन त्याच्या खांद्यावरचा हात काढाची हिंमत नाई झाली."

मी मागे होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.