कांद्याला घाम येत नाही

मुळे सर कोणाच्याही खिशात हात घालत. पाकिटासाठी नव्हे, कांद्यासाठी.

आमच्या पांढरकवड्यात उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात. ऊन लागत नाही म्हणे. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या सरांना हा कांदा स्वतःचा अपमान वाटे. पोस्टमन असो की माझे बाबा, सर कांदा काढून त्यांच्या नाकासमोर धरत. रागावले की त्यांची पुस्तकी मराठी सुटून वऱ्हाडी सुरू होई. "याले घाम येते का? नाही. तुमाले येते. मंग आंग थंड कोन ठेवून राह्यलं?"

त्या वर्षी कापसाची खरेदी रखडली होती. एप्रिल संपला तरी खरेदी केंद्राबाहेरच्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीपर्यंत येई. सर मीठ-साखरेच्या पाण्याची बादली घेऊन रांगेत फिरत आणि पाण्यासोबत उपदेशाचे डोसही पाजत.

"कापसाचा भाव सकाळी एक, दुपारी एक. एवढं मोठं सरकार, त्याले भाव धरून ठेवता येत नाही. आन् आपलं रक्त पाहा. बाहेर आग असो की थंडी, आतलं मीठ, पानी, गर्मी जागच्या जागी. आंग तहान लावते, घाम काढते, किडनी लघवी रोखते. ना अर्ज, ना रांग."

"मंग किडनीलेच मंत्री करा न सर," गाडीवरचे एक आजोबा म्हणाले.

सर हसले नाहीत. "लायक हाये," म्हणाले.

स्वतः सर घरून निघत तेव्हा त्यांची बायको, आमच्या काकू, न बोलता त्यांच्या खिशात कांदा सारत. सर कोपऱ्यापर्यंत जात आणि तो आमच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवून देत. उन्हाळाभर आम्हाला भाजीचा कांदा विकत घ्यावा लागत नसे.

काकूंना ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, सरांनी बंदच केलं. लोणच्याची बरणी कुलपात गेली. मे महिन्यातल्या एका दुपारी काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि मागोमाग आलेल्या सरांकडे बघून आईला विचारू लागल्या, "हे गृहस्थ कोण?"

रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, फार उतरलं होतं. सर दवाखान्यात पंख्यावर चिडले, नर्सवर चिडले, सलाईनच्या संथ थेंबांवर चिडले.

"सर, हळूहळूच वाढवावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

"मले शिकवता?" सर म्हणाले, आणि थेंब मोजू लागले.

मला त्यांचा फार राग आला होता. अख्ख्या रांगेला मीठ पाजणाऱ्या माणसाने घरातल्या लोणच्याला कुलूप लावलं होतं. तरी रोज चहाचा थर्मास नेऊन ठेवायची, एवढंच. काकू आम्हा दोघांकडेही परक्यासारख्या बघत.

एका सकाळी मी थर्मास ठेवत होते तेव्हा काकूंनी डोळे उघडले. सरांकडे बराच वेळ पाहिलं. मग सलाईन नसलेला हात उचलून त्यांच्या शर्टाचा खिसा चाचपला.

"आजचा कांदा कुठं टाकला?"

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"बेटा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरून एक कांदा आनतं का? मोठा पाहून आन."