करला या शब्दाच्या तपासाची बखर

श्री.

जी आदिमाया तान्ह्याचा हुंकार आधी ऐकते आणि शास्त्र्यांची स्तोत्रे मागाहून, तीस नमन करोन हे वर्तमान लिहिले आहे. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, आश्विन मास. ते साली राज्याच्या थोरल्या बाईसाहेब भागाबाई यांणी सदरेवर येऊन, गादीवर न बसता, उभ्यानेच फिर्याद सांगितली. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते, कारण बाईसाहेब फिर्याद ऐकत, सांगत नसत. फिर्याद कोणावर, तर बालशाळेत शिकविणाऱ्या नव्या बाई मथूताई यांजवर. "ही बाई," बाईसाहेब बोलल्या, "पोरांत फतकल मारून बसते. शिकवत काही नाही. माझी नात चुकीचं बोलते आणि ही मान डोलावते, जशी काय वेद ऐकतेय. पोरांच्या हो ला हो करायला हिला ठेवलीय होय? त्याला दारावर येतो तो नंदीबैल काय वाईट होता?" सभेत कोणी हसला, तो पुढे महिनाभर सदरेवर दिसला नाही.

ऐसियास मूळ कारण ऐसे की, चिरंजीव रावसाहेब लढाईत पडल्यावर घराण्यात एकच ज्योत मागे राहिली, ती नात गोजराबाई, वय वर्षे चार. पुढे तिच्या तोंडून निघेल तो हुकूम, आणि हुकुमात जीभ अडखळली तर किल्ला जातो, हे बाईसाहेबांस पक्के ठाऊक. बाईसाहेबांस अक्षर सहीपुरतेच येई, तेही वाकडे. परंतु कान ऐसा की दूताने खोटे बोलण्यास तोंड उघडावे आणि यांणी हात वर करावा. त्या कानाने ऐकले होते की गोजराबाई अडीच वर्षांची असता "घोडा आला", "मी केलं" ऐसे नीट, शुद्ध बोलत होती, आणि बाईसाहेबांनी ते येत्याजात्या सरदारास थांबवून ऐकविले होते. मग मूल बालशाळेत जाऊ लागले आणि एके दिवशी येऊन म्हणाले, "आजी, घोडा येला." दुसरे दिवशी, "मी भाकर करली." बाईसाहेबांचा घास हातात राहिला. पुढचे पाठ, मागचे सपाट, ऐसे ऐकले होते. परंतु येथे पुढचे काही दिसेना आणि मागचेही सपाट जाहले. मग त्या स्वतः बालशाळेच्या दाराआड उभ्या राहिल्या आणि आत पाहतात तो गोजराबाईने मातीची भाकर थापली आहे आणि म्हणते, "मी भाकर करली." मथूताई म्हणाली, "भाकर केलीस? मोठी केलीस की चिमुकली?" मूल म्हणाले, "मोठी करली. आजीची." मथूताई म्हणाली, "आजीसाठी केलीस होय! मग तव्यावर टाक, करपेल नाहीतर." आणि चूक काढिली नाही, कान धरिला नाही, उलट बोटाने माती सारून चूल पेटविल्याचे सोंग केले. बाईसाहेबांनी मनी निर्णय केला की ही खुशामत आहे, आणि खुशामत करणारा नोकर शत्रूहून वाईट.

तेव्हां जुने पंतोजी भिकाजीपंत यांस बोलाविले. पंतांचे मत ऐसे की मूल म्हणजे कच्चे मडके, आणि मडके थापटल्यावाचून गोल होत नाही. "हुजूर," पंत बोलिले, "बरोबरास बत्तासा आणि चुकीस ताकीद. कुत्राही याच रीतीने शहाणा होतो. आणि एक निश्चित समजावे, मूल ऐकते तेच बोलते. कोणी हलक्या जिभेच्या माणसाने हा शब्द तिच्या कानात घातला आहे." हे बाईसाहेबांच्या मनास पटले, कारण शब्दास चोर असला म्हणजे त्यास धरिता येते. मग जासूद म्हाळू नाईक यास हुकूम जाहला की राज्यात "करला" आणि "येला" कोण म्हणतो त्याचा पत्ता लावून मुसक्या बांधून आण. आणि म्हाळू कधी कासाराचे सोंग घेऊन, कधी गोसावी होऊन तबेल्यात बसला, मुदपाकखान्यात बसला, पाणवठ्यावर उभा राहिला आणि बायकांच्या शिव्या खाल्ल्या, घाटातल्या चौक्या पाहिल्या, आणि परत येऊन मुजरा करोन उभा राहिला. "बाईसाहेब, लोक 'क्येलं' म्हणतात, 'केलान' म्हणतात, घाटाखाली 'केल्यानी' म्हणतात. तेलिणी नवऱ्यांना जे म्हणतात ते इथं सांगवत नाही. पण 'करला' म्हणणारा शहाणा माणूस या राज्यात नाही." "आणि येडा?" बाईसाहेबांनी विचारिले. म्हाळू खाली पाहू लागला. "म्हणणारे आहेत, बाईसाहेब, पण सगळे दुधाच्या दातांचे. कुंभारवाड्यात एक पोरगी आहे, शिंप्याकडे एक आहे, आणि घाटापलीकडे मेंढ्यांमागं एक पोर आहे, त्यानं तर आईबापाशिवाय माणूस पाहिला नाही. तेही म्हणतंय, 'कोकरू येलं.' एकमेकांची ओळख नाही, कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मुसक्या कुणाच्या बांधू?" बाईसाहेब गरजल्या, "म्हणजे कटच आहे!"

मग मथूताईस पाचारण केले. तिने मुजरा केला, तो बेताचाच. बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या शाळेत पोर मागे गेली. आधी केलं म्हणायची, आता करलं म्हणते. उत्तर दे." मथूताई म्हणाली, "मागे नाही गेली, बाईसाहेब. आधी ती राव्यासारखी बोलायची. ऐकलं तसं ठेवून दिलं. आता तिनं कायदा शोधला." "कसला कायदा?" "बस, बसला. हस, हसला. पड, पडला. हे ऐकून ऐकून तिच्या मनानं ओळखलं की शब्दाला 'ला' लावला की काम होऊन गेलं. कुणी सांगितलं नाही, तिनं काढलं. मग ये, येला. कर, करला. कुंभाराच्या पोरीनंही तेच काढलं आणि मेंढक्याच्या पोरानंही." पंत म्हणाले, "आणि ते अशुद्ध आहे त्याचे काय?" मथूताई म्हणाली, "केला, आला, गेला हे जुने मिरासदार आहेत, पंत. त्यांना राज्याचा कायदा लागू नाही, बापजाद्यांपासून सूट आहे. पोरीला कायदा कळला, मिरासदार अजून ओळखीचे व्हायचेत. मी तिच्याशी बोलताना त्यांची नावं घेत राहते. ओळख होईल. हाताला धरून उंबरा ओलांडता येतो, ढकललं तर तोंडावर पडते." बाईसाहेबांस मिरासदारांचा आधीच राग, उभा जन्म त्यांजकडून एक कायदा मानविता हात दुखले, म्हणोन हे बोलणे ऐकून ओठाचा कोपरा किंचित हलला, परंतु लगेच आवरिला. "बोलतेस गोड," म्हणाल्या, "पण उंबऱ्यावर किती दिवस उभं राहायचं ते सांगत नाहीस. पंत, तुमची रीत चालवा. आणि हिला शाळेत राहू दे, पण माझ्या नातीशी शब्द बोलायचा नाही."

मग पंतांची रीत सुरू जाहली. एक चोपदार सोन्याच्या मुठीची काठी घेऊन गोजराबाईच्या मागे चाले, आणि मूल बरोबर बोलले की पंत बत्तासा देत, आणि चुकले की चोपदार काठी फरशीवर आपटून ललकारी देई, "चूक!" पहिल्या दिवसांत गोजराबाईने तीन वेळा "केलं" म्हटले आणि तीन बत्तासे घेतले, आणि पंत मिशीस पीळ देऊन हिंडले. त्याउपरी मूल थोडे बोलू लागले. त्याउपरी "हो" आणि "नको" इतकेच. त्याउपरी बोट दाखवू लागले, आणि पुढे बोटही दाखवीना, बत्तासे उंबऱ्याशी पडून त्यांस मुंग्या लागल्या. वैद्य आले, घसा पाहिला, जीभ पाहिली, म्हणाले, दोहींस दोष नाही. पंत म्हणाले, "हुजूर, मौन ही विद्येची पहिली पायरी." बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, मला मुकं मडकं नको आहे." परंतु आवाजास धार नव्हती. घराण्यात एक मूल, आणि ते बोलेना. बाईसाहेबांनी कुलस्वामिनीस साडीचोळी नवसली, दृष्ट काढविली, नातीस मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बोल गं बाई, काही पण बोल," आणि मुलाने चोपदाराकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. मग वाड्यात कुजबूज उठली की मथूताईची नजर बाधली, आणि पंतांनी अर्ज केला की तिला सीमेपार करावे म्हणजे मूल मोकळे होईल. बाईसाहेबांनी सांगितले, "संध्याकाळी निकाल देते." बोलल्या खऱ्या, परंतु जेवणावरून उठल्या त्या महालात न जाता एकट्याच बालशाळेकडे चालू लागल्या.

भर दुपार होती, पोरे निजली होती. मथूताई भिंतीशी बसून चिंचोके निवडीत होती, हुकुमाप्रमाणे गप्प. चोपदार खांबास टेकून पेंगत होता. आणि गोजराबाई अंगणात आपली लाकडी ठकी समोर बसवून, हाती पळी घेऊन उभी होती, आणि बोलत होती. बाईसाहेब खांबाआड थांबल्या. मूल बोलते आहे म्हणोन ऊर भरून आला, आणि मग शब्द कानी आले. "काय करलंस?" मूल ठकीस म्हणत होते, आणि आवाज हुबेहूब बाईसाहेबांचा, तोच ठसका, तीच हनुवटी वर. "घराण्याला शोभतं? चूक!" आणि पळी जमिनीवर आपटली. "नीट बोल. नाही येत? मग बोलूच नको. बोललं नाही की चूक होत नाही." आणि ठकीच्या तोंडावर आपला तळवा ठेवून दाबून धरिला, आणि ठकीस आपल्या पोटाशी घेऊन तशीच उभी राहिली. ज्या बाईसाहेब रावसाहेबांचे शव पालखीतून आले तेव्हां डोळ्यास पदर न लाविता किल्ल्याचे दरवाजे मोजून बंद करवीत होत्या, त्यांणी येथे खांब धरिला. पुढे आल्या तो मुलाने पळी टाकिली आणि तोंड मिटले. बाईसाहेब मथूताईस दबक्या आवाजात म्हणाल्या, "बघत काय बसलीस, काहीतरी कर!" मथूताई म्हणाली, "मला बोलायची मनाई आहे." "उद्धट!" बाईसाहेब म्हणाल्या, आणि मग जे केले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. गुडघे कडकड वाजवीत त्या मातीत बसल्या, पैठणी चिखलात गेली, ओली माती हाती घेतली, दोन हातांनी थापली, ठकीपुढे ठेविली, आणि सर्व आयुष्यात एकही शब्द मागे न घेतलेली बाई मोठ्याने म्हणाली, "ठके, ही बघ. मी तुझ्यासाठी भाकर करली."

चोपदार दचकून जागा जाहला, सवयीने काठी आपटली आणि ओरडला, "चूक!" आणि कोणास म्हटले ते पाहून जागीच थिजला. गोजराबाईने आजीकडे पाहिले, चोपदाराकडे पाहिले, पुन्हा आजीकडे पाहिले, आणि हसू फुटून म्हणाली, "आजी! करली नाही गं, केली! केली म्हणायचं!" बाईसाहेब म्हणाल्या, "हो का? मला कुणी सांगितलंच नाही." मग जे बोलणे अडकले होते ते धबधब्यासारखे आले. "ठकी रडली, आणि मी तिला झोपवली, आणि मग काळं मांजर येलं, आणि त्यानं दूध पळवलं!" चोपदाराने काठी उचलली. बाईसाहेबांनी नुसते पाहिले, आणि काठी खाली आली. बाईसाहेबांच्या ओठांवर येणारा शब्द त्यांणी गिळला, तो गिळताना मानेच्या शिरा दिसल्या, आणि मग हळू बोलल्या, "मांजर आलं का? कुठून आलं?" "कौलावरून," मूल म्हणाले. "उडी मारून आलं."

सारांश इतका की राज्यात शब्दाचा चोर सापडला नाही, कारण चोरी जाहली नव्हती, आणि संध्याकाळची सदर भरलीच नाही. निकाल बाईसाहेबांनी तेथेच, मातीत बसून, स्वमुखे सांगितला, तो ऐसा: "मथे, इकडे ये. तू मान डोलावतेस ही फिर्याद मी भर सभेत सांगितली आणि सांगितलेलं मी मागे घेत नाही, माझ्या बापानंही कधी घेतलं नाही. गुन्हा शाबीत आहे. शिक्षा अशी की जन्मभर इथंच बस आणि डोलाव. हिचं ऐक, कुंभाराच्या पोरीलाही आणून बसव, तिचंही ऐक. पंतांना तुझ्या शेजारी मातीत बसायला लाव, गुडघे दुखले तर दुखू देत, माझे दुखताहेत. आणि हा चोपदार वेशीवर पाठव, तिथं ओरडायला पुष्कळ जागा आहे. आता दात काय काढतेस? हात दे, मला उठव."