रोवेनाची जपमाळ

लुसील थिबोडोच्या गावात दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणूनच त्या शनिवारी लुसील गाडी काढून चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या गावच्या बाजारात गेली.

कारण होतं कार्ड. हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या तेलानं पेन्शनचा घास घेतला, तेव्हा लायब्ररीतल्या बाईंनी मागे लागून तिला सरकारी अन्नमदतीचं कार्ड काढून दिलं होतं. मोठ्या दुकानात त्याचा त्रास नव्हता. मशीनला लावलं की काम झालं, मागच्याला वाटतं बँकेचं असेल. बाजारात मात्र तंबूतल्या मुलीला कार्ड द्यायचं आणि तिनं त्या बदल्यात लाकडी टोकनं द्यायची, चांगली जाडजूड, वर गाजराचं चित्र. ते टोकन हातात दिसलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

फायदा एकच होता. जेवढी टोकनं घ्याल तेवढीच आणखी फुकट, फळं आणि भाजीसाठी. लुसीलचा जन्म बुटांच्या कारखान्यात पगाराच्या खिडकीमागे गेला होता. दुप्पट देणाऱ्या माणसाकडे ती संशयानंच बघायची.

"यात गोम काय आहे?" तिनं तंबूतल्या मुलीला विचारलं.

"काही नाही, मॅडम. फक्त टोकनाला सुटे परत मिळत नाहीत."

"ती बघ गोम," लुसील म्हणाली आणि टोकनं पर्समध्ये टाकली.

तिला हव्या होत्या रानातल्या ब्लूबेरी. दर ऑगस्टात तिच्या जॅमच्या बरण्या तिच्या कॅथलिक चर्चच्या बीन्सच्या जेवणाला जायच्या, फादर मिशोंकडे जायच्या, शेजारीपाजारी जायच्या. यंदा बरणी आली नाही तर लोक विचारणार, आणि आपल्या गावातले लोक एकदा विचारायला लागले की उत्तर मिळेपर्यंत थांबत नाहीत, हे तिला माहीत होतं. ती स्वतःच त्यांच्यातली होती.

ब्लूबेरीच्या टेबलाशी ती पोचते न पोचते तोच मागून हाक आली.

"लुसील!"

रोवेना पिंकहॅम. समोरच्या घरातली, पत्त्यांच्या डावातली जोडीदार आणि पक्की बाप्टिस्ट, म्हणजे कॅथलिकांपासून चार हात लांब राहणाऱ्या पंथाची.

"अगं, तू इथे कुठे?" लुसीलनं पर्स काखेत दाबली.

"दाताच्या डॉक्टरकडे आले होते. आणि तू?"

"मावसबहिणीकडे. तिला बरं नसतं ना."

दाताचा दवाखाना शनिवारी बंद असतो हे लुसीलला ठाऊक होतं. आणि लुसीलची मावसबहीण कधीच वारली होती. तिच्या दफनानंतरच्या जेवणाला रोवेनानंच मॅकरोनीचं पातेलं आणलं होतं. दोघी एकमेकींकडे बघून समाधानानं हसल्या.

"आता आलोच आहोत तर फिरू या जरा," रोवेना म्हणाली.

मग दोघी फिरल्या. टोमॅटो हुंगले. कणसांची सालं मागे करून दाणे बघितले. पीच दाबून बघितले. घेतलं कुणीच काही नाही.

"घे ना तू," लुसील म्हणाली.

"तू घे आधी. मला कुठे घाई आहे?"

"महाग वाटतात गं."

"महाग?" टेबलामागचा शेतकरी म्हणाला. "बाई, मगापासून तुम्ही माझे पीच नुसते दाबताय. तेवढ्यानंच त्यांचा जॅम झालाय."

तिथून दोघी लगबगीनं निघाल्या, आणि त्या लगबगीत लुसीलची पर्स खडखडली.

"कसला गं आवाज?"

"डॉमिनोच्या सोंगट्या," लुसील म्हणाली.

"बाजारात डॉमिनो?"

"मावसबहिणीला करमत नाही, खेळते मी तिच्याशी."

रोवेनानं मान डोलावली, रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला, आणि खिसाही खडखडला. अगदी तसाच.

"हे काय?" लुसीलनं विचारलं.

रोवेनाचा हात खिशातच राहिला. "जपमाळ," ती म्हणाली.

बाप्टिस्ट बाईच्या खिशात कॅथलिकांची जपमाळ! हिच्या बापानं कॅथलिक माणसाला कधी गाय विकली नव्हती. पण लुसीलनं मनात सगळं जुळवून पाहिलं आणि हिशेब चोख बसला. दाताचा डॉक्टर खोटा. इतक्या लांब येणं, खिशातला हात बाहेर न काढणं, लाकडी मण्यांची माळ. रोवेना लपूनछपून कॅथलिक होत होती आणि मिस्साच्या प्रार्थनेला या गावी येत होती! बिचारी. लाज वाटत असेल गावात. लाजेखातर चाळीस मैल गाडी हाकणं म्हणजे काय असतं, ते लुसीलला कुणी सांगायला नको होतं.

ब्लूबेरीची टोपली मात्र डोळ्यांदेखत रिकामी होत होती.

"तुला बाथरूमला नाही का जायचं?" लुसीलनं अखेर विचारलं.

"जायचंय ना!" रोवेना इतक्या उत्साहानं म्हणाली की लुसील चपापली. "तू थांब इथेच. मला वेळ लागेल."

ती वळताच लुसील या वयात शोभणार नाही अशी पळाली. उरलेल्या सगळ्या ब्लूबेरी घेतल्या, टोकनं मुठीतच ठेवून शेतकऱ्याच्या मुठीत दिली.

"सुटे देता येत नाहीत," तो म्हणाला. "वरच्या पैशांत झुकिनी घ्या." आणि काकडीसारखी हिरवी, बाळाएवढी झुकिनी त्यानं पिशवीत कोंबली.

आपल्याकडे ऑगस्टात माणसं गाडीला कुलूप लावतात ती चोरांच्या भीतीनं नाही. उघडी गाडी दिसली की कुणीतरी आपल्या परसातली जास्तीची झुकिनी मागच्या सीटवर टाकून पळतो. पैसे मोजून झुकिनी घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तरी रोवेना परत आली तेव्हा तिच्याही पिशवीतून झुकिनीचं टोक डोकावत होतं. दुसऱ्या कुणाला यावरून सगळं कळलं असतं. पण लुसीलच्या डोक्यात जपमाळ बसली होती.

जॅम झाला, बरण्या भरल्या. फादर मिशोंची बरणी द्यायला गेली तेव्हा लुसीलला राहवलं नाही.

"फादर, कुणाला सांगू नका हं. रोवेना पिंकहॅमच्या खिशात जपमाळ असते."

फादरनी कुणाला सांगितलं नाही. ते थेट रोवेनाकडेच गेले.

"मी म्हटलं, तुमच्या जपमाळेबद्दल कळलं," त्यांनी नंतर लुसीलला सांगितलं. "तिनं उलट विचारलं, जपमाळ नाही, दुसरंच काही आहे, असं लुसील म्हणाली का? मी म्हटलं, नाही. तेव्हा म्हणाली, मग हो, जपमाळच आहे."

पुढचं आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. फादर दर बुधवारी रोवेनाला कॅथलिक धर्म शिकवायला येऊ लागले. बाप्टिस्ट बायकांनी रोवेनाकडची आपापली ॲपल पायची भांडी परत नेली. रोवेनाच्या बहिणीनं फोनवर रडून घेतलं. रोवेनानं सगळं सोसलं आणि खऱ्या कारणाबद्दल ब्र काढला नाही. सप्टेंबरात ती चर्चमध्ये लुसीलशेजारी बाकावर येऊन बसू लागली. एका आत्म्याला आपण वाट दाखवली, या विचारानं लुसीलची मान ताठ झाली होती.

एका रविवारी दानाचं पितळी ताट त्यांच्या बाकावर आलं. रोवेनानं घाईघाईत कोटाच्या खिशातून नाणं काढून टाकलं.

खट्.

नाण्याचा असा आवाज होत नाही. लुसीलनं ताटात पाहिलं. डॉलरच्या नोटांशेजारी एक लाकडी गाजर पडलं होतं.

रोवेना समोरच्या क्रूसाकडे टक लावून बघत होती. तिचे कान लाल झाले होते. ताट लुसीलच्या हातात होतं आणि बाकाच्या टोकाला ते घ्यायला दान गोळा करणारा बोनँग उभा होता, ज्याच्या बायकोला कळलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी नदीपलीकडे पोचायची. टोकन उचलावं तर ताटातून पैसे काढताना सगळं चर्च बघणार. तसंच पुढे द्यावं तर बोनँग विचारणार, आणि टोकन टाकणारी एकटी रोवेना ठरणार.

लुसीलनं पर्स उघडली, आपलं टोकन काढलं आणि ताटात टाकलं.

खट्.

"हा डॉमिनो," ती ओठ न हलवता म्हणाली.

रोवेनानं मान न वळवता ते गाजर पाहिलं. मग दुसरं. खांदे हलायला लागले तसं तिनं प्रार्थनेचं पुस्तक तोंडावर धरलं.

"बिचारी मावसबहीण," ती पुस्तकाआडून म्हणाली.

बोनँगनं ताट घेतलं, आत पाहिलं, दोघींकडे पाहिलं. दोघी प्रार्थना करत होत्या.

"शनिवारी माझ्या गाडीनं जाऊ," लुसील कुजबुजली. "पेट्रोल वाचेल. स्क्वॉशचे भोपळे आले असतील."

"चालेल. पण मग मी इथं यायचं बंद करू ना आता?"

"वेडी आहेस का? फादरनी तुला बीन्सच्या जेवणाच्या कमिटीवर घेतलंय."

"अगं, पण मी बाप्टिस्ट आहे!"

"होतीस," लुसील म्हणाली. "यालाही सुटे परत मिळत नाहीत."