एकट्या माणसाची सिस्टीम

सकाळी पावणेसातला माझ्या बेडरूमच्या भिंतीवर तीन ठोके पडायचे. मी अंथरुणातून हात लांबवून आपल्या बाजूने दोन ठोके द्यायचे. दिले, की भिंतीपलीकडचा नेस्टर, जो नुकताच रात्रपाळी संपवून आलेला असायचा, निवांत झोपायचा. नाही दिले, तर मी मेलो असं तो धरून चालायचा.

हे रविवारीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी माणसं मरत नाहीत का, असा त्याचा सवाल होता.

सुरुवातीला मी हा प्रकार गमतीवारी नेला. एकदा शॉवरखाली होतो, ठोके ऐकू आले नाहीत. थोड्या वेळाने बाहेर बोलण्याचा आवाज आला म्हणून डोक्याला शांपू तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून हॉलमध्ये आलो. तिथे इमारतीची देखभाल बघणारा सुपर चाव्यांचा जुडगा घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे नेस्टर, हातात टॉर्च. लख्ख उजेडात टॉर्च कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

"गुड," नेस्टर म्हणाला. "यू आर अलाइव्ह." मग सुपरकडे वळून म्हणाला, "सी? सिस्टीम इज वर्किंग."

जिवंत राहून मीच त्याची सकाळ फुकट घालवली, अशा नजरेने सुपर माझ्याकडे बघत होता.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला, तिशीतला, बिनलग्नाचा. कॅनडातल्या स्कारबरोमध्ये नवव्या मजल्यावर वन बेडरूम घेऊन राहत होतो. नेस्टर फिलिपिन्सचा, पन्नाशी ओलांडलेला, बुटका, केसांना रोज तेल लावून भांग पाडणारा. एका आजारी म्हाताऱ्याची त्याच्याच घरी राहून सेवा करायला तो कॅनडात आला. म्हातारा वारल्यावर एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला लागला. त्यांच्याकडे थोरल्या भावाला 'कुया' म्हणतात. मी त्याला तसंच म्हणायचं, असं त्याने पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं. मीही म्हणू लागलो. थोरला भाऊ म्हटल्यावर अरे-तुरे करायची सोय झाली, आणि मनातल्या मनात का होईना, मला ती फार वेळा लागायची.

"अलोन पर्सन मस्ट हॅव सिस्टीम," हे त्याचं वेदवाक्य. एकट्या माणसाने काय करावं याची त्याच्याकडे एक न संपणारी यादी होती. दाराला आतून साखळी लावायची नाही, कारण मदतीला येणाऱ्याला ती तोडावी लागते. आंघोळीला जाताना फोन सोबत न्यायचा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवायची, त्यात आपलं नाव, रक्तगट आणि कुणाला कळवायचं ते. माझ्या पाकिटातली चिठ्ठी त्यानेच लिहिली, आणि 'कुणाला कळवायचं' या रकान्यात मला न विचारता स्वतःचा नंबर टाकला. बर्फावरून चालताना हात खिशात घालायचे नाहीत आणि पावलं छोटी टाकायची. हे तो मला पार्किंग लॉटमध्ये प्रात्यक्षिकासह शिकवायचा. बसस्टॉपवरची माणसं बघत असायची. मी दुसरीकडे बघायचो.

या सगळ्या सिस्टीममध्ये स्वयंपाक मात्र बसत नव्हता. त्याला एका माणसाचा भात करताच येत नसे. दहा माणसांचा व्हायचा, मग तो भांडं घेऊन मजल्यावरची दारं वाजवत फिरायचा. पहिलं दार अर्थात माझं.

"कुया, मी शाकाहारी आहे."

"आय नो, आय नो. नो मीट."

"मग हे काय आहे?"

"श्रिंप," तो म्हणायचा. "व्हेरी स्मॉल."

आकार हा मुद्दा नाही, हे मी त्याला वर्षभर सांगितलं. दर खेपेला तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला आणखी लहान कोळंबी आणायचा.

रविवारी चर्चमधून आला की त्याची कराओके सुरू. मशीन प्रत्येक गाण्याला मार्क द्यायचं. चांगले पडले तर तो मला सांगायला यायचा, कमी पडले तर तक्रार करायला. एकदा एकाहत्तर पडले म्हणून त्याने तेच प्रेमगीत सलग अकरा वेळा म्हटलं. बाराव्याला मी जाऊन दार वाजवलं, तर म्हणाला, बरं झालं आलास, तू ऐक आणि तूच सांग, हे एकाहत्तरचं गाणं आहे का?

मी दर शनिवारी आईला फोनवर हे गाऱ्हाणं सांगायचो. तिच्याकडून सहानुभूती मिळेल ही आशा लवकरच सोडावी लागली.

"रोज सकाळी विचारपूस करतो ना तुझी?"

"आई, तो भिंत ठोकतो."

"ठोकू दे. तुझ्या सख्ख्या मामानं तरी कधी ठोकली का?"

मग फेब्रुवारीत मला फ्लू झाला. ताप एकशे तीन. सकाळी ठोके ऐकू आले, पण हात उचलवेना. या खेपेलाही तो सुपरला घेऊन आला, टॉर्च मात्र नव्हता. नंतर चार दिवस तो झोप सोडून माझ्या स्वयंपाकघरात. आलं घातलेला पातळ भात करून आणायचा, त्यात चिकनचा तुकडा नाही हे चमच्याने ढवळून दाखवायचा, आणि मी खात असताना समोर बसून माझ्या चुका मोजायचा. घरात थर्मामीटर नाही. फ्रीजरमध्ये सूप नाही. शेजाऱ्याला आदल्या दिवशी 'बरं वाटत नाही' म्हणून सांगितलं नाही.

वैतागून मी विचारलं, "कुया, तू आजारी पडलास तेव्हा कोण होतं?"

"मी?" तो म्हणाला. त्याने वाटी उचलली, सिंकपाशी गेला आणि पाणी मोठं सोडून ती बराच वेळ घासत राहिला. मग तिकडूनच म्हणाला, "म्हातारा वारला त्या हिवाळ्यात. बेसमेंटमध्ये राहायचो. तीन दिवस. चौथ्या दिवशी कामावरून फोन आला, का आला नाहीस म्हणून." एवढं सांगून तो परत थर्मामीटरवर आला.

त्याला बायको होती हे मला माहीत होतं. लूझ तिचं नाव. त्याच्या घरात भिंतीवर तिचा फोटो होता. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती येऊ शकत नव्हती, आणि कागदपत्रांच्या भानगडीत सुरुवातीला यालाही जाता येईना. पुढे जाता येत होतं, तर ते पैसे सासूच्या औषधांना लागायचे. सहा वर्षं दोघं फोनवर संसार करत होते. पुढच्या वर्षी सासू वारली. त्यानंतर जानेवारीत एका दुपारी नेस्टर माझ्या दारात आला. हातात भांडं नव्हतं.

"शनिवारी गाडी आहे का तुझी?" त्याने विचारलं. "लूझ येतेय."

विमानतळाच्या रस्त्यावर त्याने माझं डोकं खाल्लं. डाव्या लेनमध्ये राहा, उजव्या लेनमध्ये राहा. मांडीवर तिच्यासाठी घेतलेला लांब जांभळा विंटर कोट होता. तिला काय-काय सांगायचं याची त्याने यादी केली होती. ती त्याने मला दोनदा वाचून दाखवली. आत गेल्या-गेल्या बूट काढायचे, ओले केस घेऊन बाहेर पडायचं नाही, स्टोव्हचं डावीकडचं बटण उलटं फिरतं. मी म्हटलं, आधी भेट तर.

आम्ही दीड तास आधी पोचलो. माणसं बाहेर यायला लागली, आणि नेस्टर एका खांबाच्या मागे जाऊन उभा राहिला.

लूझला मी फोटोवरून ओळखलं. फोटोपेक्षा केस बरेच पिकलेले, अंगात पातळ स्वेटर. ट्रॉलीवर दोन सुटकेस आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. ती थांबून इकडेतिकडे बघत होती.

"कुया, ती बघ. जा."

"वन मिनिट," तो म्हणाला. कोट त्याने छातीशी धरला होता. "फोनवर मला येतं. समोर काय बोलायचं ते विसरलो."

मी सरळ त्याचा दंड धरला आणि त्याला खांबाबाहेर काढलं. लूझने पाहिलं. ती धावली वगैरे नाही. ट्रॉली ढकलत आली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या वाकड्या बसलेल्या कॉलरवरून हात फिरवून ती सरळ केली. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? पण तो तिला कोट घालून देत होता. दोन बटणं चुकीच्या काजात गेली होती.

परत येताना दोघं मागे बसले आणि मी पुढे, टॅक्सीवाल्यासारखा. लूझ खिडकीतून बर्फ बघत होती आणि अधूनमधून काही विचारत होती. एरवी ज्याच्या तोंडाला खीळ नाही असा हा माणूस प्रत्येक प्रश्नाला फक्त भुवया उडवून 'हो' म्हणत होता. यादी खिशातच राहिली.

नवव्या मजल्यावर सामान मी आणि त्याने मिळून लिफ्टबाहेर काढलं. त्याने किल्ली लावून दार उघडलं आणि लूझला आत जाऊ दिलं. मी सुटकेस उचलून मागोमाग निघालो, तर त्याने मला हाताने अडवलं. तिला काहीतरी सांगितलं. ती गोंधळली, मग हसली, आणि आतून दार लावून घेतलं.

कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं आणि ते खोकं.

"आता काय, कुया?" मी म्हणालो. माझे हात भरून आले होते.

नेस्टरने इतकी वर्षं स्वतःच लावत आलेली किल्ली खिशात टाकली. टोपी काढून भांग ठीक केला. मग स्वतःच्याच घराची बेल वाजवली, आणि कुणीतरी दार उघडेपर्यंत वाट बघत उभा राहिला.