एंटर न मारणारा म्हात्रे

हरेश म्हात्रे कॉम्प्युटरला 'हो' म्हणत नाही.

महाप्याच्या ऑफिसात आम्ही वेब ॲप बनवतो. नवं ॲप सुरू करायचं म्हणजे काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. टूल चार प्रश्न विचारतं आणि फायलींचा अख्खा सांगाडा उभा करून देतं. प्रश्नापुढे कंसात होचा 'वाय' आणि नाहीचा 'एन' असतात. मोठ्या लिपीतलं अक्षर नुसत्या एंटरने मान्य होतं. आम्ही डोळे मिटून एंटर मारतो. तळवलीचा हा गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर चढवतो.

"वाय मोठा, एन छोटा. कशाला? आपल्या तोंडून हो वदवायला!"

आणि चारही वेळा एन दाबतो. मग उभ्या राहिलेल्या एकेका फायलीची उलटतपासणी. "तुला कोनी बोलावला?" उत्तर येत नाही, फाइल डिलीट. एकदा त्यापायी अख्खं ॲप आडवं झालं. "बघ, यांची आपसात मिलीभगत हाय," म्हणे. माझं दहा मिनिटांचं काम त्याला दोन दिवस पुरतं.

गेल्या महिन्यात मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. जेवणाच्या सुट्टीत हा स्क्रीन भिंतीकडे वळवून बसू लागला. मी टीमचा लीड. बाहेरची कामं करताना कोणी सापडला तर त्याची नोकरी जाते, आणि कळवावं मलाच लागतं. एका दुपारी दबक्या पावलांनी भिंतीच्या कडेने त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

म्हात्रे धडाधड एंटर मारत होता! एकही प्रश्न न वाचता. झालं, माझी खात्रीच पटली.

"कोणाचं काम आहे रे हे?"

तो दचकला. "बाबांसाठी हाय. मानसं इसरतान ते आता. फोटो बघून नाव वाचता येल, असा कायतरी बनवतोय."

"आणि एवढी घाई? वाचलंसुद्धा नाहीस."

"वाचत बसायला टाइम नाय रे आता."

तयार झालेल्या पानावर त्याने पहिला फोटो टाकला. स्वतःचाच. खाली टाइप केलं: 'यो हरेश. तुमचा पोर.' मला माझ्या संशयाची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आधी आईचा नको का?"

"आईला वलखतान अजून." तो स्क्रीनकडेच बघत होता. "सकाली मना म्हनाले, तुमी बसा ना. बाप पोराला कदी 'तुमी' म्हनतो का रे?"